डॉक्टरांची संघटना की डॉक्टरांची युनियन?

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला शंभर माणसे जमली तर त्यात दहा-बारा डॉक्टर हमखास असतात आणि उरलेल्यांपैकी निम्मे त्यांचे पेशंट. तेव्हा या पानावर डॉक्टरांच्या संघटनांविषयी लिहिणे म्हणजे जेवणाच्या रांगेत आपल्यापुढे ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाविषयी लिहिणे आहे. तरीही लिहितो, कारण हा विषय जितका त्यांचा आहे तितकाच आपल्या खिशाचाही आहे.

प्रथम माझी बाजू सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, हिशेबनीस आहे. गेली सव्वीस वर्षे न्यू जर्सीतल्या लहान दवाखान्यांची खाती लिहितो आणि त्यांचे टॅक्स भरतो. महिनाअखेरीस डॉक्टरच्या हातात काय उरते ते मला ठाऊक आहे. इन्शुरन्स कंपनीचे जाडजूड पाकीट आले की त्याचा चेहरा कसा उतरतो तेही मी पाहतो. सासरकडून घरात दोन डॉक्टर आहेत. म्हणजे डॉक्टरांचे मीठही खाल्ले आहे आणि नातेही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. डॉक्टरांनी युनियन करावी, उघडपणे करावी आणि तिला युनियनच म्हणावे. माझी तक्रार आहे ती युनियनचे काम करताना सोवळे नेसून बसण्याच्या जुन्या रीतीबद्दल. आपल्या धंद्याचे हित पाहणे हा गुन्हा नाही. वाणी पाहतो, वकील पाहतो, आम्ही हिशेबनीसही पाहतो. पण दर वेळी ‘हे सगळे पेशंटच्या भल्यासाठी’ असे म्हटले, की खरोखर पेशंटच्या भल्याचे काय आणि सभासदांच्या भल्याचे काय, हे ओळखता येईनासे होते.

जुना हिशेब

अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे एएमए, १८४७ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. त्या काळी या देशात भोंदू वैद्यांचा सुळसुळाट होता. एएमएने पहिल्याच वर्षी नीतिनियमांची संहिता केली आणि वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा वाढवण्याचा आग्रह धरला. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ कॉलेजे पाहिली होती. पुढच्या काही वर्षांत सुमार कॉलेजे भराभर बंद पडली. आज आपण निर्धास्तपणे ऑपरेशनच्या टेबलावर झोपतो त्यात या सफाईचा मोठा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्याच केरसुणीने आणखीही काही झाडले गेले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सात कॉलेजांपैकी पाच बंद झाली. उरली फक्त हॉवर्ड आणि मेहॅरी. एएमएच्या अनेक स्थानिक शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासदच करून घेत नसत. म्हणून त्यांना १८९५ साली नॅशनल मेडिकल असोसिएशन ही वेगळी संस्था काढावी लागली होती. या वागणुकीबद्दल एएमएने जाहीर माफी मागितली ती २००८ साली.

दर्जा राखणे आणि संख्या आवरणे ही दोन कामे एकाच हातात दिली की अशी सरमिसळ होते. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही.

दुसरी गोष्ट वॉशिंग्टन शहरातली. १९३७ साली तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी सहकारी तत्त्वावर ‘ग्रुप हेल्थ असोसिएशन’ काढली. महिन्याला ठराविक वर्गणी भरायची आणि पगारी डॉक्टरांकडून उपचार घ्यायचे, अशी साधी कल्पना. एएमए आणि तिथल्या स्थानिक संघटनेने त्या डॉक्टरांवर बहिष्काराचे हत्यार उपसले आणि हॉस्पिटलांचे दरवाजे त्यांना बंद होतील असे पाहिले. सरकारने १९३८ साली मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. ‘आमचा व्यवसाय आहे, व्यापार नव्हे, आम्हाला हा कायदा लागू नाही’ हा बचाव चालला नाही. १९४३ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली.

पुढे प्रेसिडेंट ट्रूमन यांनी सर्वांसाठी आरोग्य विमा आणायचे ठरवले, तेव्हा एएमएने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर जादा वर्गणी मागितली आणि १९४९ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रचार कंपनीला काम देऊन मोठी मोहीम उघडली. १९६१ साली वृद्धांच्या विम्याविरुद्ध एक ग्रामोफोन रेकॉर्ड काढली. तिच्यावरचा आवाज होता रोनाल्ड रेगन यांचा. ते तेव्हा नट होते, प्रेसिडेंट व्हायला वीस वर्षे अवकाश होता. एवढे करूनही १९६५ साली मेडिकेअर आलेच. आज आपल्यातले निवृत्त लोक मेडिकेअरच्या आधारावर जगतात आणि माझ्या कित्येक डॉक्टर गिऱ्हाइकांच्या उत्पन्नाचा सर्वात खात्रीचा भागही मेडिकेअरमधूनच येतो. ज्या गोष्टीने डॉक्टरी बुडेल असे सांगितले, तिनेच ती तारली.

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालच्या आपल्या पुस्तकात एएमए ही देशातली बहुधा सर्वात बळकट कामगार संघटना आहे अशा अर्थाचे लिहिले. हा गृहस्थ काही डाव्या विचारांचा नव्हता. त्याला सरकारी विमाही नको होता. पण संघटना काय करते हे त्याला नेमके दिसले.

दार कोणासाठी उघडे, कोणासाठी बंद

आता आपल्या जवळचा भाग. १९६५ सालच्या इमिग्रेशन कायद्याने आशियातल्या लोकांना दार उघडले. मेडिकेअरमुळे हॉस्पिटलांत पेशंट वाढले होते आणि डॉक्टर कमी होते. मुंबई, पुणे, नागपूर, मिरज इथली तरुण डॉक्टर मंडळी त्या दारातून आत आली. या मंडळाच्या संस्थापकांतही त्या पिढीचे लोक आहेत.

अकराच वर्षांनी, १९७६ साली, काँग्रेसने नवा कायदा केला. त्यात देशाला आता डॉक्टरांचा तुटवडा राहिलेला नाही असे चक्क लिहिले होते. बाहेरच्या डॉक्टरांसाठी नवी व्हिसा परीक्षा आली. १९८० साली एका सरकारी समितीने १९९० पर्यंत सत्तर हजार डॉक्टर जास्त होतील असा अंदाज दिला. ‘जास्त डॉक्टर’ हे शब्द पुढे वीस वर्षे सगळ्यांच्या तोंडी होते.

१९९७ साल या दृष्टीने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी एएमए आणि आणखी पाच राष्ट्रीय वैद्यकीय संस्थांनी एकत्र निवेदन काढले. डॉक्टर जास्त होत आहेत, तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाच्या जागा अमेरिकन कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांच्या संख्येच्या जवळपास आणाव्यात, असा त्याचा सारांश होता. अमेरिकन मुलांना पुरतील एवढ्याच जागा ठेवल्या तर कमी कोण होणार? मिरजेहून आलेला, मणिपालहून आलेला, मनिलाहून आलेला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या सुमारे चाळीस हॉस्पिटलांना रेसिडेंट कमी करण्यासाठी मेडिकेअरमधून ४० कोटी डॉलर देण्याची योजना निघाली. शेतकऱ्याला शेत पडीक ठेवण्यासाठी पैसे द्यावेत तशी डॉक्टर न घडवण्यासाठी बिदागी! ऑगस्टमध्ये बॅलन्स्ड बजेट कायदा झाला आणि मेडिकेअरच्या खर्चाने चालणाऱ्या जागा प्रत्येक हॉस्पिटलात १९९६ च्या आकड्यावर गोठवल्या गेल्या.

ही गाठ सैल व्हायला जवळजवळ पाव शतक लागले. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या कायद्याने एक हजार नव्या जागा दिल्या, त्याही वर्षाला दोनशेच्या हप्त्याने. दरम्यान अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने २०२४ साली अंदाज दिला की २०३६ पर्यंत ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडतील. ही संघटना १९९७ च्या निवेदनावर सही करणाऱ्या सहांपैकीच एक. एएमएही आज जागा वाढवा म्हणते. चांगले आहे. पण मधल्या काळात ज्यांच्या आयुष्याची वर्षे गेली त्यांचे काय?

माझी भाची पुण्याची पदवीधर. इथल्या सगळ्या परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली. दोन वर्षे मॅचमध्ये जागा नाही. परीक्षांची फी, अर्जांची फी, इंटरव्ह्यूसाठी येणे-जाणे, यांत तिच्या वडिलांचे बारा-पंधरा लाख रुपये खर्च झाले. त्यांनी ते प्रॉव्हिडंट फंडातून काढले. तिसऱ्या वर्षी ओहायोतल्या एका लहान गावात फॅमिली मेडिसिनची जागा मिळाली. आज त्या गावात नव्या पेशंटला तिची वेळ मिळायला दोन महिने लागतात. ‘जास्त डॉक्टर’ म्हणतात ते हेच का, असे मला विचारावेसे वाटते.

इथे दुसरी बाजूही नोंदवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी लावण्याचा हुकूम निघाला, तेव्हा डॉक्टरांना त्यातून वगळा असे पत्र एएमएने पन्नासहून अधिक वैद्यकीय संस्थांना बरोबर घेऊन सरकारला लिहिले. या देशातल्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा बाहेर शिकून आलेला आहे आणि त्यांत भारतातून आलेले सर्वाधिक. भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९८२ साली स्वतःची संघटना, आपी, उभी केली. एएमएच्या सभागृहांत आता आपली माणसेही बसतात. त्याचा उपयोग होतो तो असा. युनियन म्हणून वजन वापरले आणि त्यात पेशंटचेही भले झाले, तर तक्रार कशाला करावी?

दर कसे ठरतात

हे आरोग्याइतकेच अर्थकारणाचे पान आहे, म्हणून थोडी आकडेमोड. मेडिकेअर डॉक्टरला पैसे देते ते गुणांवर. प्रत्येक कामाला काही गुण असतात. त्यांत डॉक्टरचे श्रम, दवाखान्याचा खर्च आणि मालप्रॅक्टिस विम्याचा भार असे तीन भाग. गुणांची बेरीज गुणिले दर म्हणजे फी. ही पद्धत १९९२ साली सुरू झाली. खासगी इन्शुरन्स कंपन्याही बहुधा याच गुणांवर आपले भाव बेततात. म्हणजे तुमचा को-इन्शुरन्स आणि तुमचा प्रीमियम यांची मुळे इथपर्यंत पोचतात.

आता हे गुण कोण सुचवते? १९९१ साली एएमएने एक समिती नेमली. तिच्यावर आज बत्तीस माणसे आहेत आणि बहुतेक जागा निरनिराळ्या स्पेशालिस्टांच्या संघटनांच्या. एखाद्या ऑपरेशनला किती वेळ लागतो हे त्याच ऑपरेशनवर जगणाऱ्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून विचारतात. समिती शिफारस करते आणि सरकार त्यातल्या बहुतेक स्वीकारते. मी माझ्या गिऱ्हाइकांचे टॅक्स असे भरू लागलो, म्हणजे तुमचे उत्पन्न किती ते तुम्हीच सांगा आणि मी लिहितो, तर आयआरएस मला दुसऱ्या दिवशी बोलावून घेईल.

परिणाम काय झाला? बोलून, तपासून, समजावून सांगणाऱ्या डॉक्टरपेक्षा नळी घालणाऱ्या, कापणाऱ्या, फोटो काढणाऱ्या डॉक्टरचे गुण भारी राहिले. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या वह्या आहेत, म्हणून सांगतो. आपल्या मुलांनी फॅमिली डॉक्टर न होता स्पेशालिस्ट व्हावे असे आपण आईबाप जे म्हणतो, त्यामागे ही गुणांची कोष्टके आहेत. सरकारलाही आता शंका आली आहे. सर्व्हेतले वेळ फुगलेले असावेत, असे धरून २०२६ च्या दरपत्रकात ऑपरेशने आणि तपासण्यांसारख्या, वेळेवर न मोजल्या जाणाऱ्या कामांच्या श्रमगुणांत अडीच टक्के कपात केली आहे.

बिलावर जे पाच आकडी सीपीटी कोड दिसतात त्यांचा कॉपीराइटही एएमएकडे आहे. ते वापरण्यासाठी बिल करणाऱ्या सर्वांना पैसे मोजावे लागतात. या रॉयल्टीचे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त आहे. देशातले बहुसंख्य डॉक्टर एएमएचे सभासदच नाहीत, तरी संस्था भक्कम आहे ती यामुळे. जी संस्था सभासदांच्या वर्गणीवर अवलंबून नाही, तिला सभासदांचे तरी किती ऐकावे लागत असेल याचा विचार डॉक्टर मित्रांनी करावा.

आणि तरीही डॉक्टरांचे गाऱ्हाणे खोटे नाही. १९९२ साली मेडिकेअरचा दर एका गुणाला ३१ डॉलर होता. २०२५ साली तो सुमारे ३२ डॉलर ३५ सेंट होता. तेहतीस वर्षांत सव्वा डॉलर! या काळात महागाई दुपटीहून अधिक झाली. दवाखान्याचे भाडे, रिसेप्शनवरच्या बाईंचा पगार, कॉम्प्युटरचा खर्च हे सगळे मी दरवर्षी वहीत चढताना पाहतो. २०२३ साली या देशात आरोग्यावर ४.९ ट्रिलियन डॉलर खर्च झाले. त्यांतला डॉक्टर आणि क्लिनिकच्या सेवांवरचा भाग साधारण पाचवा हिस्सा आहे. तेव्हा महाग औषधोपचाराचे सगळे खापर डॉक्टरांच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होईल.

मग युनियन का हवी

पूर्वी डॉक्टर स्वतःच्या दवाखान्याचा मालक असे. एएमएच्याच पाहणीप्रमाणे २०१२ साली साठ टक्के डॉक्टर खासगी प्रॅक्टिसमध्ये होते, २०२४ साली ते प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. बाकीचे हॉस्पिटलांचे, कंपन्यांचे, गुंतवणूकदारांचे नोकर. नोकराला मालकाशी बोलायला युनियन लागते, मग नोकर स्टेथोस्कोपवाला का असेना.

मालक-डॉक्टरांनी एकत्र येऊन भाव ठरवणे वेगळे. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या प्रकरणात सांगितले की स्वतंत्र डॉक्टरांनी मिळून फीची कमाल मर्यादा ठरवली तरी ती बेकायदा. नोकर-डॉक्टरांना मात्र एकत्र सौदा करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. हा फरक बारकाईने समजून घ्यावा. पहिल्यात पेशंटची कोंडी होते, दुसऱ्यात मालक नोकरापुढे येऊन बसतो.

रेसिडेंट डॉक्टरांची युनियन न्यूयॉर्कमध्ये १९५७ पासून आहे. १९७५ साली तिने कामाच्या तासांसाठी संप केला. आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा न्यूयॉर्क राज्यात १९८९ साली आणि देशभर २००३ साली आली. छत्तीस तास जागलेल्या डॉक्टरच्या हातून सुई टोचून घ्यायला आपल्यापैकी कोणालाच आवडणार नाही, तेव्हा त्या लढ्याचा फायदा पेशंटलाही झाला.

२०२३ सालच्या मे महिन्यात क्वीन्समधल्या एल्महर्स्ट हॉस्पिटलात सुमारे १६० रेसिडेंट तीन दिवस संपावर गेले. न्यूयॉर्क शहरात १९९० नंतरचा हा डॉक्टरांचा पहिला संप. त्यांतले बहुतेक बाहेर देशांतून आलेले. त्यांची मागणी अगदी साधी होती. आमचा मालक जो, तोच मॅनहॅटनमधल्या हॉस्पिटलाचाही मालक. तिथल्या रेसिडेंटांना आमच्यापेक्षा वर्षाला हजारो डॉलर जास्त, मग आम्हाला कमी का? कोविडच्या पहिल्या लाटेत या हॉस्पिटलाची काय अवस्था होती ते आपण टीव्हीवर पाहिले आहे. तीन वर्षांत अठरा टक्के पगारवाढ घेऊन ते कामावर परतले. त्यांनी वैद्यकशास्त्राच्या पावित्र्याचा दाखला दिला नाही, पगार मागितला. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

एएमएनेही १९९९ साली एक युनियन काढून पाहिली. संप करणार नाही असे तिने आधीच सांगून टाकले होते. पाच वर्षांत एएमएने तिच्यातून अंग काढून घेतले. दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहता येत नाही, हाच त्याचा अर्थ. रेसिडेंटांच्या त्या जुन्या युनियनचे सभासद मात्र आज तीस हजारांहून अधिक आहेत.

इंग्लंडात ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही नोंदलेली कामगार संघटना आहे. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी मार्च २०२३ पासून पगारासाठी वारंवार संप केले. लोक त्यांच्यावर चिडले, काहींनी पाठिंबा दिला, पण मागणी कशाची आहे याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता. आपल्याकडे महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ विद्यावेतन आणि सुरक्षेसाठी भांडते, तेही असेच उघड. याउलट इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना ग्राहक कायदा लागू होऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत लढा दिला. नोव्हेंबर १९९५ मध्ये कोर्टाने सांगितले की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही सेवाच आहे, ग्राहक दाद मागू शकतो. १९४३ साली वॉशिंग्टनच्या खटल्यात जो बचाव टिकला नाही, त्याच वळणाचा हा बचाव बावन्न वर्षांनी दिल्लीतही टिकला नाही.

तीन प्रश्न

वर्तमानपत्रात एखाद्या वैद्यकीय संघटनेचे निवेदन वाचले की मी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून पाहा.

पहिला: ही मागणी मान्य झाली तर पैसे कोणाच्या खिशातून जातील? इन्शुरन्स कंपनीच्या नफ्यातून, हॉस्पिटलाच्या तिजोरीतून, की पेशंटच्या प्रीमियममधून?

दुसरा: यामुळे दार उघडते की बंद होते? नर्स प्रॅक्टिशनरना स्वतंत्रपणे काम करू द्यावे की नाही, हा वाद सध्या राज्याराज्यांत चालू आहे. निम्म्याहून अधिक राज्यांनी परवानगी दिली आहे आणि एएमएचा विरोध आहे. टेनेसीने २०२३ साली आणि फ्लोरिडाने २०२४ साली परदेशात अनुभव घेतलेल्या डॉक्टरांना इथली रेसिडेन्सी पुन्हा न करता काही अटींवर लायसन्स मिळण्याची वाट काढली. या दोन्ही बाबतींत सुरक्षिततेची शंका रास्त असू शकते. पण शंका घेणाऱ्याने पुरावा द्यावा. ‘त्यांचे शिक्षण आमच्याइतके नाही’ हे वाक्य १९७६ साली आपल्याच लोकांना ऐकवले गेले होते. ज्या जिन्याने आपण वर आलो तो वर आल्यावर काढून घेणे आपल्या डॉक्टरांना तरी शोभत नाही.

तिसरा: निर्णय होत होता तेव्हा त्या खोलीत पेशंटच्या बाजूने कोण होते?

या तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली तर मी त्या मागणीला खुशाल पाठिंबा देतो, मग तिला युनियनची मागणी म्हणा की आणखी काही.

मंडळातल्या डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे. तुम्ही नोकरीत असाल तर युनियनची माहिती जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. तुमच्या स्पेशालिटीच्या संघटनेची वर्गणी भरत असाल तर ती तुमच्या नावाने कोणत्या मागण्या करते ते वर्षातून एकदा वाचा. आणि ज्यांची मुले-भाचरे मॅचची वाट पाहत आहेत त्यांनी आपल्या काँग्रेसमनला रेसिडेन्सीच्या जागांबद्दल पत्र लिहा. पत्राचा नमुना मी तयार केला आहे. पुढच्या सभेला येताना प्रती घेऊन येतो, ज्यांना हव्या त्यांनी मागून घ्याव्यात. ज्यांना माझे म्हणणे पटले नाही त्यांनी संपादकांकडे लिहून पाठवावे. डॉक्टरांचे उत्तर आले तर ते याच पानावर छापू, असे संपादकांनी कबूल केले आहे.